दिवस मावळल्यावरचं पाणी

गर्भ पडला म्हणून डॉक्टरांनी चंचलची पिशवी साफ केली आणि त्याच दिवशी घरी सोडलं. "भूल उतरली की कळा येतील. गोळी चुकवू नका, पाणी भरपूर पाजा," एवढं बजावलं. जालन्याहून मंठ्याला पोचेस्तोवर दिवस मावळला. चंचल गुडघे पोटाशी घेऊन तळमळत होती, पण गोळीला तोंड उघडेना.

"बेटा, आपण जैन असलो तरी बीमारीत नियमाला सूट असते," सासूबाई राजकुमारी हात जोडून विनवत होत्या.

"न्हाई, मम्मीजी. त्या दिवशी तहान सोसली न्हाई, अंधार पडल्यावर मी पाणी पेले. म्हणूनच लेकरू गेलं."

राजकुमारीबाईंनी तांब्या उचलला आणि सुनेसमोर गटागटा अर्धा रिकामा केला.

"नमन पोटात होता तवा मी रोज रात्री चोरून पाणी प्यायचे. काय झालं त्याला? चांगला धडधाकट नवरा हाय तुझा. घे जल्दी."

चंचलनं गोळीसाठी हात पुढं केला.

राजकुमारीबाईंनी तोंड फिरवून पदरानं ओठ पुसले. दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब त्यांच्या घशाखाली जन्मात पहिल्यांदाच उतरला होता.