दिवा लाल होईपर्यंत

थकव्याने डोळे जड होताच हेमांगीच्या डोक्यावर टांगलेला दिवा पुन्हा पिवळा झाला. तिने घाईने समोरच्या गोळ्यांच्या पाकिटांवर नजर रोवली, तसा तो हळूहळू हिरवा झाला.

औषधांच्या त्या कारखान्यात फोन फाटकावरच जमा करावा लागे. आता नवे कॅमेरेही आले होते. माणसाचं मन कामावरून उडालं की त्यांना ते चेहऱ्यावरून कळायचं आणि डोक्यावरच्या दिव्याचा रंग बदलायचा. दिवा लाल झाला की त्या माणसाला तडक फाटकाबाहेर काढत आणि पुन्हा कामावर घेत नसत.

सकाळी हेमांगीच्या धाकट्या बहिणीला कळा सुरू झाल्या होत्या. बहिणीचा नवरा जहाजावर, आईवडील कधीच गेलेले. रजा मिळेना, म्हणून हेमांगी तिला दवाखान्यात एकटीच सोडून आली होती.

"तिचा विचार करू नकोस," शेजारी काम करणाऱ्या नसीमभाभी मान न वळवता पुटपुटल्या.

"करत नाहीये, भाभी. दुपारपासून एकदाही केला नाही."

बोलता बोलता ती चरकली. बहीण कशी आहे हे ठाऊक नसताना तिने तिला खरोखरच मनातून काढून टाकलं होतं, आणि ते तिला जमलंही होतं.

तिने हातातलं पाकीट खाली ठेवलं, डोळे मिटले आणि बहिणीचा घामेजलेला चेहरा मनापुढे आणला.

दिवा लाल झाला. पहारेकरी आला तेव्हा ती फाटकाकडे चालू लागली होती. फाटकावर फोन परत घेऊन तिने बहिणीचा नंबर लावला. बराच वेळ घंटा वाजत राहिली.

"ताई," पलीकडून धापा टाकत आवाज आला, "अजून व्हायचंय. येतेस?"