पहिला खजूर

"वनमालाताई, आमच्या हिनं मस्कतात अख्खा रोजा काढलाय, माहीत आहे ना?" दशरथनं फोटोंचा अल्बम शेजारणीच्या मांडीवर ठेवला.

वनमालेला माहीत होतं. पंतनगरच्या त्या बिल्डिंगीत माहीत नसलेलं कोणी उरलंच नव्हतं. पण आज खुद्द साक्षीदार सोफ्यावर बसला होता, म्हणून दशरथला नव्यानं चेव आला होता. साक्षीदार म्हणजे दशरथचे तिकडचे मित्र हसनभाई परकार, मूळचे राजापूरकडचे, मस्कतात एका दुकानावर कामाला. सुट्टी संपवून ते रात्रीच्या विमानानं परत निघाले होते आणि जाता जाता घाटकोपरला भेटायला आले होते.

रत्नप्रभा आत बेसनाचे लाडू ताटलीत मांडत होती. नवरा बाहेर कौतुक करत होता आणि इथं तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. आज हसनभाईंना खरं सांगून टाकायचं, असं तिनं सकाळीच ठरवलं होतं. पुन्हा हा माणूस कधी भेटेल, कुणी सांगावं.

दोन वर्षांपूर्वी दशरथ मस्कतला नोकरीला होता, तेव्हा ती महिनाभर त्याच्याकडे गेली होती. भर उन्हाळा आणि नेमका रमजान. हसनभाई कुणाची तरी गाडी मागून घेऊन दोघांना फिरवायला आले. निघतानाच म्हणाले, "वहिनी, बाहेर कुठं काही खायचं नाही हां. भूक लागली तर गाडीत खा, काचा वर करून. पाहुण्यांना चालतं."

तिथं रत्नप्रभेच्या जिभेनं घात केला. "छे हो, तुम्ही उपाशी आणि आम्ही खायचं? आज माझापण रोजा. सोमवार, चतुर्थी, एकादशी, सगळं करते मी. मला त्यात काय जड?"

हसनभाईंनी पुढच्या सीटपाशी ठेवलेला एक पत्र्याचा डबा उचलून डिकीत टाकला. "पान्हे आहेत," दशरथला म्हणाले, "उगाच पायात येतात."

रत्नप्रभेच्या उपासांना साबुदाण्याची खिचडी असायची, रताळी असायची, चहा तर चार वेळा असायचा. रोज्याला पाण्याचा घोटसुद्धा चालत नाही, हे तिला मस्कतच्या जुन्या मत्रा बाजारात कळलं. तोवर दशरथ भेटेल त्याला सांगत सुटला होता, 'माझ्या बायकोचा रोजा आहे.' अरबी दुकानदार छातीवर हात ठेवून तिला मान देत होते. आता माघार कशी घ्यायची?

दुपारी दोघे पुरुष बंदरातली जहाजं बघायला उतरले. पाय दुखतात म्हणून ती गाडीतच राहिली आणि पर्समधला लाडू तिनं पदराआड तोंडात टाकला. बेसनाच्या लाडवाचं बरं असतं, चावताना आवाज होत नाही. वर बाटलीतलं पाणीही प्यायली. पुढे निझवाच्या किल्ल्यापाशी आणखी एक खाल्ला. काय तो किल्ला होता, तिला आज आठवतही नव्हतं. आठवत होता तो लाडू.

परतीच्या वाटेवर हसनभाईंनी एकाएकी गाडी कडेला घेतली. त्यांचे हात थरथरत होते, सदरा घामानं भिजला होता. "ऊन लागलं," एवढंच ते बोलले. दशरथ पुठ्ठ्यानं वारा घालू लागला. पाणी पुढे केलं तर त्यांनी ते डोक्यावर ओतून घेतलं, ओठाला लावलं नाही. मागच्या सीटवर रत्नप्रभेच्या पर्समध्ये अजून दोन लाडू होते. तुपाचा वास सुटू नये म्हणून तिनं पर्सची चेन ओढून घट्ट लावली.

संध्याकाळी बांग झाली. हसनभाईंच्या घरी ताट आलं. त्यांनी पहिला खजूर उचलला आणि स्वतः न खाता तिच्या हातावर ठेवला. "आधी वहिनी." तिनं तो खाल्ला. त्या दिवसापासून खजूर तिच्या घशाखाली उतरला नव्हता.

ताटली घेऊन ती बाहेर आली. वनमाला निझवाचा फोटो बघत होती. "रत्ना, कसं गं राहिलीस तू? माझी तर वाट लागली असती."

रत्नप्रभेनं ताटली हसनभाईंपुढे धरली. "हसनभाई, त्या दिवसाबद्दल तुम्हाला एक सांगायचं होतं."

"आधी ही ताटली दूर करा, वहिनी. तुपाचा वास मोठा वाईट." हसनभाई हसले. "मला साखर आहे. बारा वर्षं झाली."

"बारा वर्षं?" दशरथ म्हणाला. "आणि मला आज सांगतोस?"

"सांगून काय, माझ्यासाठी चहा बिनसाखरेचा करत बसला असतास."

रत्नप्रभा तशीच उभी होती. "मग रोजे कसे करता?"

"नाही करत. डॉक्टरांनी मना केलंय, धर्मातही आजाऱ्याला सूट आहे. त्याबदली गरिबाला जेवू घालतो. गोळीवर वेळेत खावं लागतं मला. घरात आडोशाला खातो, दाखवत नाही कुणाला." त्यांनी आवाज खाली आणला. "त्या दिवशीही सकाळी गोळी घेऊनच निघालेलो. पान्ह्यांच्या डब्यात भाकरी होती."

"अरे, मग खायची ना," दशरथ म्हणाला.

"कशी खाऊ? पाहुणी बाई आमच्यासाठी उपाशी राहते आणि मी तिच्यादेखत डबा उघडू? वाटेत साखर उतरून हातपाय गेले तेव्हा कळलं, आता संपलं. एक गुळाचा खडा मिळाला असता तरी पुरे होतं. पण आरशात मागं बघितलं, तर तुम्ही पर्स छातीशी धरून तशाच बसलेल्या, वहिनी. तुमच्याकडे बघूनच दम धरला."