फोन न आलेले एकवीस दिवस

बेल दाबायला ऑपरेटरचा हात धजेना. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दारासमोर तो नुसताच उभा राहिला. येताना त्याने रस्त्यावरून वर पाहिलं होतं. घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. या खिडक्या वर्षानुवर्षं बंद असतात, त्यांच्या फटींना चिकटपट्टी लावलेली असते, हे त्याने फोनवर कितीदा तरी ऐकलं होतं. घर रिकामं केल्यावरच लोक खिडक्या अशा टाकून जातात, असं त्याच्या मनात आलं.

तो कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रात कामाला होता. भट्टीतला धूर चिमणीत जाण्याआधी त्यातली राख पकडायची, हे त्याच्या यंत्राचं काम. धूर विजेचा भार दिलेल्या पत्र्यांमधून जायचा आणि राख पत्र्यांना चिकटायची. असे सहा कप्पे होते. एखादा बिघडला तरी चिमणी स्वच्छच दिसायची, कारण निसटायची ती अगदी बारीक राख, डोळ्यांना न दिसणारी, पण थेट छातीत उतरणारी. चिमणीवरच्या धूर मोजणाऱ्या मीटरचा दिवाही हिरवाच राहायचा.

चार वर्षांपूर्वी एका दुपारी कंट्रोल रूमचा फोन वाजला.

"तुमच्याकडे काहीतरी बिघडलंय," एक बाई म्हणाली.

"धूर दिसतोय का?"

"दिसत काही नाही हो दादा. पण माझ्या मुलीला दम लागलाय."

बाकीचे हसले. ऑपरेटरला मात्र चैन पडेना. तो शिड्या चढून यंत्रावर गेला. शेवटच्या कप्प्यात वीजच पोहोचत नव्हती.

तेव्हापासून ती फोन करत राहिली आणि तो शिड्या चढत राहिला. कंट्रोल रूममध्ये तिचं नाव 'तक्रारताई' पडलं. फोन वाजला की कुणीतरी ओरडायचं, "घ्या, तुमची ताई!" ऑपरेटर प्रत्येक फोन वहीत लिहून ठेवायचा. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, कोणता कप्पा बिघडला होता ते. चार वर्षांत एकसष्ट फोन झाले. त्यातल्या बावन्न वेळा खरोखरच बिघाड सापडला. शेवटी त्याने ती वही मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी ती दोनदा वाचली. "आपल्या मीटरपेक्षा या पोरीचा दम खरं बोलतो," एवढंच ते म्हणाले. पुढे दुरुस्तीसाठी केंद्र बंद ठेवलं, तेव्हा शेवटचे कप्पे काढून तिथे कापडी फिल्टर बसवले गेले. माणसापेक्षा उंच अशा हजारो पिशव्या. ती बारीक राखही त्यांच्यातून सुटत नव्हती.

केंद्र पुन्हा सुरू झालं आणि फोन बंद झाला.

पहिला आठवडा ऑपरेटर खुशीत होता. दुसऱ्या आठवड्यात तो अधूनमधून रिसीव्हर उचलून कानाला लावू लागला, फोन चालू आहे ना ते बघायला. "ताई रुसली वाटतं," कुणीतरी म्हणालं. त्याला हसू आलं नाही. तिचा शेवटचा फोन केंद्र बंद व्हायच्या आदल्या दिवशीचा होता. मुलीला दवाखान्यात ठेवलं होतं. त्या दिवशी ती भांडलीही नव्हती, पत्ता सांगून नुसती रडली होती. पिशव्या बसायला उशीर तर झाला नाही? हा विचार काही केल्या जाईना. एकविसाव्या दिवशी त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

आता त्याने बेल दाबली. आत काही हललं नाही. पुन्हा दाबली. तेवढ्यात जिन्यावर धपधप पावलं वाजली आणि बारा-तेरा वर्षांची एक मुलगी वर आली. पाठीवर दप्तर, चेहरा लालबुंद, धापा टाकत होती.

"बस, बस खाली!" तो ओरडलाच. "दम्याचा पंप कुठाय तुझा?"

"अहो काका, तीन मजले पळत आले! धाप लागणारच की." ती खळखळून हसली. मग थबकली. "पण तुम्ही कोण?"

"मी वीज केंद्रातला. तुझी आई मला फोन करायची."

"म्हणजे तुम्ही दादा!" तिने किल्ली बाहेर काढली आणि पुन्हा खिशात टाकली. "पण अनोळखी माणसाला घरात घ्यायचं नाही, असं आईने सांगितलंय. थांबा हं, तिला विचारते."

"आई घरी नाही?"

"बेकरीत कामाला लागलीये. माझ्यासाठी नोकरी सोडली होती तिने, आठ वर्षं झाली. आता मी राहते एकटी. खिडक्यासुद्धा मीच उघडते."

ऑपरेटर पायरीवर बसला. त्याने चष्मा काढला, पुसला, आणि हातातच धरून ठेवला.

मुलीने मोबाइलवर आईला फोन लावला. लागताच पलीकडून घाबरा आवाज आला. "काय झालं गं? दम लागला?"

"नाही गं. दादा आलेत, फोनवाले. बोल त्यांच्याशी."

ऑपरेटरने फोन कानाला लावला. "ताई, मी आभार मानायला आलोय. तुम्ही फोन केले नसते, तर आम्ही आजही त्या हिरव्या दिव्याकडे बघत बसलो असतो. आणि खरं सांगू? केंद्र सुरू होऊन तीन आठवडे झाले, तरी तुमचा आवाज नाही. राहवेना."

पलीकडे हातातली भांडी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"दादा," ती म्हणाली, "रोज वाटतं, फोन करून तुमचे आभार मानावेत. पण म्हटलं, माझा आवाज ऐकला की तुम्ही आधी शिड्या चढायला धावाल."