सासू-सुनेचा कोयता

“सासू-सुनेचा कोयता? मुकादमकीत केस पिकले माझे, पण असलं जोडपं न्हाई बघितलं!” धोंडीराम मुकादमानं ट्रॉलीच्या चाकाला लाथ मारली.

चकलांब्याच्या पारापाशी ट्रॅक्टर घुरघुरत उभा होता. ऊसतोडीला निघालेल्या टोळीचं बिऱ्हाड ट्रॉलीत शिगोशीग भरलं होतं. कोपीचे, म्हणजे फडावरच्या झोपडीचे बांबू, चट्या, बाजा, अन् सगळ्यांत वर पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या. टोळीत कोयता म्हणजे नवरा-बायको. एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं मोळी बांधायची. एकट्यादुकट्या बाईला कोण नेतो?

वर्षाराणीचा नवरा रामेश्वर पावसाळ्यातच पुण्याला दुसरीचं घर धरून बसला होता. मुकादमानं नेलं नाही तर तिनं माहेरी, युसूफ वडगावला जायचं, असं ठरलं होतं. न्यायला भाऊ आलाही होता. बद्रीनाथ मोटारसायकलवर बसून वाट बघत होता. जायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं. पण सासूनं एकदा तरी ‘राहा’ म्हणावं की नाही? सरस्वतीबाईच्या तोंडून सकाळपासून नुसत्या शिव्या.

“आगं दोर धर! आईनं हेच शिकिवलं का?”

“धरलाय की! तुमीच सोडला!”

भांडता भांडता दोघींनी शेजाऱ्यांची बाजसुद्धा वर चढवली. खालून सून देत होती, वरून सासू ओढत होती. एकीला ‘घ्या’ म्हणावं लागलं नाही की दुसरीला ‘दे’.

“दिवसभर भांडणाऱ्या बाया फडात नेऊन मी काय करू?” मुकादम म्हणाला.

“मग नवरा-बायको काय फडात आरत्या म्हणत्यात व्हय रे?” सरस्वतीबाई वरून कडाडली.

टोळी खो खो हसली. धोंडीरामही हसला, पण नन्नाचा पाढा काही सोडला नाही.

“झालं ना? ताई, बॅग आण तुझी,” बद्रीनाथनं कॅरियरचा दोर सोडला.

वर्षाराणीनं ट्रॉलीकडं मान वर केली. “आत्याबाई, माझी बॅग?”

सरस्वतीबाई एकाएकी आधीच घट्ट असलेली गाठ पुन्हा आवळायला लागली. “हाय.”

“कुठं?”

“तळाला. सकाळी समद्यांच्या आधी टाकली म्या.”

“कशापायी?”

 म्हातारीनं गाठ आणखी आवळली.

त्या बॅगेवर अख्ख्या टोळीचं बिऱ्हाड रचलं होतं, अन् त्यातलं निम्मं वर्षाराणीनंच हातानं वर दिलं होतं. तिला हसू फुटलं, डोळेही भरले.

धोंडीरामनं ट्रॉलीकडं बघितलं, म्हातारीकडं बघितलं अन् कपाळाला हात लावला. “आता हे समदं खाली कोण उतरवील? काढ रे सिदू ट्रॅक्टर! धरला तुमचा कोयता. फक्त कोपी माझ्यापासून लांब घाला, बायांनो!”

वर्षाराणीनं भावाच्या पाठीवरून हात फिरवला. “आईला म्हणावं, पाडव्याला येते.” अन् ती ट्रॉलीच्या फळीवर पाय देऊन चढायला लागली.

“आगं हळू! पडशील, येडे!” सरस्वतीबाईनं वाकून तिचा हात धरला, वर ओढून घेतलं.

“सरका तिकडं. माझ्या बॅगेवर बसलाय तुमी.”

“तुझ्या बॅगेवर समदी टोळी बसलीया,” म्हातारी फणकारली. ट्रॅक्टर गावाबाहेर पडला, तरी धरलेला हात काही तिनं सोडला नाही.