चाकं जमिनीवर
"बाबा, आपली गाडी खेकड्यासारखी तिरकी का चालते?" मैत्रिणींच्या पैजेखातर लेकीनं विचारलंच. लाजेनं ती हल्ली शाळेअलीकडच्या कोपऱ्यावरच उतरायची. बाबांनी हौसेनं एसयूव्ही बुटकी केली, तेव्हापासून मागची चाकं डावीकडे सरकलेली. त्यांनी गाडी जॅकवर चढवली, चाक किती बाहेर आहे ते मोजायला मडगार्डवरून ओळंब्यासारखा दोऱ्यानं नट लोंबकळवला, मागच्या चाकांचा एक्सल सरकवणारा रॉड फिरवला. दोन्ही बाजू सारख्या! खाली उतरवली, तर चाक पुन्हा बाहेर. "भूत शिरलंय हिच्यात," आई पुटपुटली. लेक लोंबणाऱ्या नटाकडे बघत राहिली. "बाबा, मला चवड्यांवर उभं करून उंची मोजाल?" "छे!" "मग गाडीची चाकं अधांतरी का मोजता?" चाकं जमिनीवरच ठेवून, पोट आत ओढून बाबा गाडीखाली सरपटले. रॉड फिरला, बाजू नेमक्या जुळल्या. "पण असं का?" बाबा चक्रावले. "मलाही ठाऊक नाही! पण उद्या मी थेट शाळेच्या फाटकात उतरणार."