नवऱ्याने सांगितलेली बाई

"तुमच्या नवऱ्याने सांगितलेली बाई तुम्ही नाही," अधिकारी बाई म्हणाल्या.

त्यांच्यासमोर दोन कागद होते. एकावर नवऱ्यानं तिच्याबद्दल दिलेली उत्तरं, दुसऱ्यावर तिनं नवऱ्याबद्दल दिलेली. अर्ध्या तासापूर्वी नवरा याच खुर्चीत बसून गेला होता. आता तो काचेपलीकडच्या बाकावर पेंगत होता. नागरिकाशी झालेलं तिचं लग्न खरं ठरलं तर कायम राहण्याचा परवाना. नाही ठरलं तर तीस दिवसांत बॅग भरायची. नवरा शपथ घेऊन नागरिक झाला होता. घरातलं मांजर इथंच जन्मलेलं. त्या घरात परकी काय ती एकटीच.

सहा वर्षं अर्ज कपाटात पडून होता. "करू की, घाई काय आहे," नवरा म्हणायचा. "माझ्यामुळे आहेस ना इथं? झालं तर मग." भांडण झालं की हेच वाक्य जरा चढ्या आवाजात. शेवटी अर्ज तिनंच भरला. सहीसाठी त्याची सुट्टी, त्याचा मूड आणि त्याच्या आवडीची भाजी, तिन्ही एका दिवसात जुळवून आणताना तिच्या नाकी नऊ आले होते.

खोली अकराव्या मजल्यावर होती. खिडकीबाहेर दाट धुकं. खालचे रस्ते त्यात विरघळून गेले होते आणि इमारतींची टोकं तेवढी तरंगत होती. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. अधिकारी बाईंचा आवाज पाण्याखालून यावा तसा यायला लागला.

"चहात साखर किती?"

"नाही घेत, मॅडम. चार वर्षं झाली."

"ते म्हणाले, दोन चमचे. नोकरी?"

"लॉन्ड्रीत. हॉटेलांच्या चादरी येतात. मी इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर असते."

"ते म्हणाले, हॉटेलात. बहुतेक रिसेप्शनला."

कोपऱ्यात एक रिकामी खुर्ची होती. तिच्यात कुणीतरी बाई हळूहळू दिसायला लागली. आधी नुसता हात, हातात गोड चहाचा कप. मग कडक इस्त्रीचा कोट, कोटावर नावाची पट्टी, रिसेप्शनवर असतं तसं न मावळणारं हसू.

"अंगावर काही खूण?"

तिनं बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत रोलरचा चटका, जुना, चकचकीत.

"ते म्हणाले, काही नाही."

खुर्चीतल्या बाईचा हात नितळ झाला.

"भावंडं?"

"दोघी बहिणी आम्ही. थोरलीनंच मला वाढवलं."

"ते म्हणाले, एक भाऊ." त्या बाईच्या मागे एक भाऊ येऊन उभा राहिला. चांगला धिप्पाड होता. "शेवटचं आजारपण?"

"गेल्या हिवाळ्यात. नऊ दिवस ताप होता."

अधिकारी बाईंनी कागद डोळ्यांजवळ धरला. "ते म्हणाले, तिला काही होत नाही."

धुकं खिडकीतून आत आल्यासारखं वाटत होतं. किती छान होती ती खुर्चीतली बाई. ताप न येणारी, न भाजणारी, न थकणारी. तिच्याबरोबर नवऱ्याचा सुखाचा संसार चालला होता. तिला त्या बाईचा हेवासुद्धा वाटला. सहा वर्षं ही आपल्याच घरात राहतेय आणि आपली गाठ आज पडतेय.

"आणि ही तुमची उत्तरं." अधिकारी बाईंनी दुसरा कागद टेबलावर आपटला. पाणी फुटलं, आवाज लख्ख झाला. "बीपीची गोळी रोज सकाळी अर्धी. डावा पाय उजव्यापेक्षा अर्ध्या नंबरानं मोठा. बस चालवतात आणि झोपेत आपल्या मार्गावरच्या थांब्यांची नावं घेतात. सतराव्या थांब्यापासून घोरायला लागतात. चाळीस प्रश्न होते. तुमचे चाळीसच्या चाळीस बरोबर. त्यांचे सहा. त्यातले दोन मांजराबद्दलचे."

तिनं वर केलेली बाही खाली ओढली.

"हे कसं दिसतं सांगू? बाई घोकून आलीय आणि माणसानं पैसे घेऊन नुसती सही केलीय. असली लग्नं या टेबलावर आठवड्याला चार येतात. मी सरळ खोटं लग्न म्हणून लिहू शकते. अर्ज नामंजूर. तुम्हाला काही म्हणायचंय?"

तिनं कोपऱ्यात पाहिलं. ती बाई मजेत चहा पीत होती. तिला काय, तिला कुणी देशाबाहेर काढत नव्हतं. तिला ना तीस दिवसांची मुदत, ना बॅग. एवढी वर्षं हिच्या वाटणीचं राबायचं आपण, आणि निघायचंही आपणच? आता रडू येईल असं तिला वाटलं. आलं नाही.

"मॅडम," ती म्हणाली. "खोट्या लग्नातला नवरा सगळं पाठ करून आला असता. रात्र रात्र जागून. त्याला पकडलं जायची भीती असते. हा बघा कसा झोपलाय. हा खराच नवरा आहे, म्हणून तर त्याला काही माहीत नाही."

अधिकारी बाईंनी काचेतून बाहेर पाहिलं. नवऱ्याचं तोंड उघडं होतं, मान मागे भिंतीला टेकलेली. त्या बराच वेळ बघत राहिल्या. कोपऱ्यातली खुर्ची नुसती खुर्ची झाली होती. मग त्यांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले, शिक्का उचलला आणि मंजूर लिहिलेल्या चौकटीत दाबून उमटवला.

"हेच चाळीस प्रश्न आमच्या घरी विचारले," शाई वाळायची वाट बघत त्या म्हणाल्या, "तर मला आज संध्याकाळीच देश सोडावा लागेल."