मधली भिंत

बांधायच्या खोल्यांचा नकाशा मैदानात फक्कीने आखून मी हौसाबाईंना त्यांच्या खोलीच्या चौकोनात उभं केलं. बावीस वर्षं पुलाखाली काढलेल्या बाई. "ही मातीच्या विटांची जाड भिंत. उन्हाळ्यात गारवा, आणि शेजारचा आवाजही येणार नाही," मी अभिमानाने सांगितलं.

हौसाबाई त्या रेषेजवळ खाली बसल्या. "मॅडम, पुलाखाली माझ्या शेजारी चंपाक्का असायची. पहाटे ती खोकली की मी चुलीवर चहा ठेवायचे. एकदा खोकलीच नाही, म्हणून धावत दवाखान्यात नेलं. वाचली."

"आता कुठे असतात त्या?"

त्यांनी शेजारच्या चौकोनाकडे बोट केलं. "ही खोली तिचीच की."

मग मधल्या भिंतीची रेष त्यांनी तळहाताने वीतभर पुसली. "एवढं मोकळं ठेवा. चहाचा कप जाईल एवढं."